गिअरवर बसवलेला खुंटा

आमच्या भव्याचं लग्न झालं ते वर्ष १९९४. वैशाख महिना. पुढे जे घडलं त्याची सुरुवात त्या लग्नाच्या हळदीला झाली, म्हणून वर्ष तिथूनच धरते.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

बेंगळूरच्या इंदिरानगरात, आमच्या फाटकासमोर, भर उन्हातली.

मी अक्षरं शिकले ती साठी उलटल्यावर. सजवून लिहिणं मला जमत नाही. कानांनी ऐकलं आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिते. कोणाला खोटं वाटलं तर त्याने खुशाल खोटं म्हणावं. मलाही तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी सोयराबाई. माझे यजमान प्रतापराव. आमची घराणी तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेली. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. यजमान एका कारखान्यात लेथवर कामाला होते. घरात आम्ही दोघं, लेक भव्या, आणि यजमानांची थोरली बहीण कमला. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची.

अक्का सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, लवकर गेल्या. धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. लोकांची दळणं घरच्या जात्यावर दळून वाढवलं. पुढे गिरण्या आल्या, मग मिक्सर आला, आणि जातं मागच्या खोलीत जाऊन बसलं. पण त्याचा लाकडी खुंटा तसाच होता. तिच्या हाताने घासून घासून काचेसारखा गुळगुळीत झालेला.

ब्याण्णव साली यजमानांनी जुनी मारुती घेतली. अक्काला पुढच्या सीटवर बसवून हलसूरच्या तळ्यापर्यंत फिरवून आणलं. अक्का सारा वेळ गिअरकडे बघत होती.

"अरे प्रताप, गाडी घेतलीस की जातं घेतलंस? हा बघ, खुंटा!"

"अक्का, त्याला गिअर म्हणतात."

"म्हणू देत. पण हा तुला फिरवता येत नाही. नुसता ढकलतोयस. स्वल्प प्रेमाने धर की त्याला!"

आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

आता हळदीचं सांगते.

आमच्यात लग्नाच्या आधी जातं पुजतात. खुंट्याला आंब्याची पानं बांधतात, आणि पाच सवाष्णी नवरीची हळद दळतात. अक्काने आदल्या दिवशी ते जातं स्वतः धुतलं, पुसलं. भव्या तिच्याच मांडीवर वाढली होती. तिचा आनंद तिला मावत नव्हता.

भव्याची सासू सुनंदाबाई देवनहळ्ळीहून पाहुण्या बायका घेऊन आली होती. सगळ्या गोल करून बसल्या. अक्का सवयीने पुढे आली. जातं जड फिरतंय का ते बघायला तिने खुंट्यावर हात ठेवला.

बायकांच्या नजरा त्या हातावर गेल्या.

सुनंदाबाई हळूच म्हणाली, "या… बसणार आहेत का?"

यजमान तिथेच उभे होते. उजव्या हातात पूजेचं ताट होतं. ते पुढे आले.

"अक्का, तू जरा आत जा."

तेवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. ओल्या फडक्याने, डाव्या हाताने, त्यांनी खुंटा पुसला. जिथे अक्काचा हात लागला होता, नेमकं तिथे. सगळ्यांच्या देखत.

अक्का बघत होती.

मग ती आत गेली. लग्न होईपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. विचारलं तर म्हणाली, "कोणीतरी चुलीजवळ नको का?" त्या दिवसाबद्दल ती पुन्हा एक शब्द बोलली नाही. यजमानही बोलले नाहीत.

आषाढात एका दुपारी मी तिला चहाला हाक मारली. उत्तर आलं नाही. मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. जात्याशेजारी. अंग अजून गरम होतं.

तेराव्यानंतर यजमान जेवायचे कमी झाले. गाडीत जाऊन नुसते बसायचे. गिअरची प्लास्टिकची मूठ केव्हाची तडकली होती, हातात यायची. एक दिवस मागच्या खोलीतून करवतीचा आवाज आला. बघते तर जात्याचा खुंटा वरून कापून यांच्या हातात.

"अहो, हे काय? जात्याचा खुंटा असा काढू नये म्हणतात."

"आपण दळतो का आता?"

"म्हणून काय…"

"तिचा हात लागलाय याला, सोयरा." एवढंच म्हणाले.

कारखान्यात नेऊन त्यांनी तो लेथवर गोल केला. आत भोक पाडून पितळेचा नट बसवला. जुनी मूठ काढून गिअरच्या दांडीवर ही फिरवून घट्ट केली. काळसर, तेलकट लाकूड. तळव्यात बरोबर मावेल एवढं.

त्यानंतर दोन महिने काही झालं नाही.

मग ती दुपार आली.

मी सांडगे वाळत घालायला बाहेर आले होते. उन्हात मारुतीचा टप छान तापायचा, मी तिथेच फडकं पसरायची. गाडीला कुलूप होतं. यजमान कामावर गेले होते, बसने.

फडकं पसरलं. आणि…

घर्र… घर्र… घर्र…

मला वाटलं शेजारी ग्राइंडर लावलाय. पण सकाळपासून वीज नव्हती.

घर्र… घर्र… मग थांबला. मूठभर दाणे टाकायला हात थांबतो, तेवढाच. आणि पुन्हा… घर्र…

आवाज गाडीच्या आतून येत होता.

मी काचेला कान लावला. नवऱ्याच्या घरी आल्यापासून मी दळण ऐकत आले आहे. दळण म्हटलं की दोन आवाज असतात, एक जात्याचा आणि एक बांगड्यांचा. हात गोल फिरतो, बांगड्या वाजतात. ते दोन आवाज कधी वेगळे नसतात.

इथे बांगड्या नव्हत्या.

नुसतं जातं.

असं दळण आमच्या घरात एकाच बाईचं होतं.

मी सांडगे तिथेच टाकून आत पळाले. संध्याकाळी यजमानांना सांगितलं. ते हसतील, रागावतील, असं वाटलं होतं. त्यांनी डावा हात माझ्यापुढे धरला.

तळवा पिवळा होता.

"हळद आहे," ते म्हणाले. "साबणाने जाते. गाडी चालवली की परत येते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू?" त्यांनी तळवा मिटला. "त्या दिवशी मी पुसलं, सोयरा. डाव्या हाताने पुसलं. आता ती पुसू देत नाही."

मी म्हटलं, मूठ बदला. ते नाही म्हणाले. म्हणाले, तिला जे करायचं ते करू दे, माझं मला भोगू दे. त्यांचं भोगणं मी समजू शकत होते. पंच्याण्णवच्या सुरुवातीला भव्याला दिवस गेल्याची बातमी आली, तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

पहिलटकरीण लेक. सातव्या महिन्यात ओटी भरून तिला याच गाडीतून माहेरी आणायची होती. माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. अक्काला पोरीच्या हळदीपासून उठवलं. आता पोरीला मूल होणार. अक्का काय मागेल?

"त्या मुठीवर हात ठेवून तुम्ही माझ्या लेकीला आणायचं नाही," मी सांगितलं. "नाहीतर मी तिला बसने आणीन."

"अक्का भव्याला काही करेल? तुला असं वाटतं?"

"मला काही वाटत नाही. मला भीती वाटते."

त्यांनी गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाले, "सरी. बदलू."

जे. सी. रोडवर गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत. तिथल्या वेणुगोपालकडे आम्ही दोघं गेलो. मीही गेले, मला डोळ्यांनी बघायचं होतं. तो कन्नडच बोलायचा, मी मराठीत लिहिते.

"अण्णा, हे काय बसवलंय? मुसळाचं डोकं?"

"बदलायचंय," यजमान म्हणाले.

"दोन मिनिटांचं काम." मग माझ्याकडे वळून, "अक्का, तुम्ही कॉफी घ्या, संपायच्या आत होतंय बघा."

त्याने मूठ धरून फिरवली. हलली नाही. फडकं गुंडाळून जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या. हलली नाही.

"वेल्डिंग केलंय का काय अण्णा?"

यजमानांनी त्याला बाजूला केलं. सीटवर बसले. मुठीवर डावा हात ठेवला, अगदी हळू. ओठ हलले. मी खिडकीशी होते, मला ऐकू आलं.

"अक्का… सोड."

मूठ फिरली.

चार-पाच आट्यांत निघायला हवी होती. पण ती फिरतच राहिली. गोल… गोल… यजमानांचा हात तिच्यावर नुसता ठेवलेला होता. फिरवत ते नव्हते. आणि तो आवाज… घर्र… घर्र…

वेणुगोपालच्या हातातला पाना खाली पडला.

मग ती सुटून त्यांच्या हातात आली.

वेणुगोपालने नवी काळी प्लास्टिकची मूठ बसवून दिली. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. लाकडी मूठ घ्यायला मी पदर पुढे केला. पदरातूनही तिची ऊब लागत होती. घरी येऊन मी ती तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवली. कुठे ठेवली ते यजमानांना सांगितलं नाही.

देवनहळ्ळीला ओटी छान झाली. भव्याच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. मीही नव्या भरून घेतल्या. सुनंदाबाईने मळ्यातले चकोतरे, म्हणजे पपनसं, डिकीत टाकले आणि दाराशी येऊन म्हणाली, "भावजी, सावकाश न्या. आमचं सोनं आहे आत." यजमानांनी मान हलवली. त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. तिनेही नाही.

परतीला दुपारचे तीन वाजले असतील. मी आणि भव्या मागे बसलो होतो. तेव्हा तो रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना चिंचा, आणि खड्डेच खड्डे.

"अप्पा, अक्काची मूठ काढली?" भव्याने विचारलं.

"हो गं. जुनी झाली होती."

"मला आवडायची. तिच्या हाताचा वास होता तिला." मग म्हणाली, "अजून आहे की वास."

तो वास मलाही येत होता. ओल्या हळदीचा.

येलहंका जवळ आलं. गाडी खड्ड्यात आपटली, आम्ही दोघी उडालो. पुन्हा आपटली. भव्याने तोल सावरायला माझा हात घट्ट धरला.

आणि माझ्या लक्षात आलं…

आवाज नाही.

आम्हा दोघींच्या चार हातांत केवढ्या बांगड्या. काचेच्या, एकावर एक. गाडी हादरत होती, बांगड्या एकमेकींवर आपटताना मला दिसत होत्या.

एकही वाजत नव्हती.

मी हात हलवला. जोरात हलवला. काही नाही. कानात दडा बसावा तसं. पण इंजिन ऐकू येत होतं. भव्याचा श्वास ऐकू येत होता. आणि इंजिनाच्या खालून, खोल…

घर्र… घर्र…

"गाडी थांबवा," मी ओरडले.

यजमानांनी चिंचेखाली गाडी थांबवली. मागे वळून बघितलं नाही. डावा हात मुठीवरून उचलला. नवं काळं प्लास्टिक, आणि त्यावर पाच बोटं पिवळी उमटलेली.

"अक्का," ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "आता काय करू सांग. पाया पडू? कुठे पडू?"

भव्या घाबरून म्हणाली, "आई, अप्पा कोणाशी बोलतायत?"

तिने माझा हात सोडला. तशा सगळ्या बांगड्या एकदम वाजल्या.

यजमानांनी गाडी पुन्हा सुरू केली.

पुढचे दोन महिने मी भव्याला एकटं सोडलं नाही. न्हाणीघराच्या दाराशीसुद्धा उभी राहायची. यजमान रोज एकच म्हणायचे, "सोयरा, मूठ दे. परत बसवतो. ती माझ्यावर रागावली आहे, पोरीवर नाही. मी काढली म्हणून ती आणखी दुखावली असेल."

मी म्हणायची, "बाळंतपण होऊ दे."

श्रावणात भव्याला मुलगी झाली. सुखरूप. गोरीपान, आवाज खणखणीत. तिचं नाव भूमिका ठेवलं. यजमानांनी तिला उजव्या हातावर घेतलं. डावा हात पाठीमागे धरून ठेवला होता.

"आता दे," ते म्हणाले.

"सव्वा महिना होऊ दे. बाळंतीण घरात आहे."

त्यांनी वाद घातला नाही. आयुष्यात ते एकदाच घाईने वागले होते, त्या फडक्याच्या वेळी. त्यानंतर कशाचीच घाई केली नाही.

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी, सकाळी, ते पुन्हा म्हणाले.

"उद्या अक्काला पान वाढायचं. त्याआधी दिलीस तर बरं."

"सव्वा महिना भरू दे म्हटलं ना."

"बरं."

दुपारी भव्या आणि बाळ झोपलं होतं. मी स्वयंपाकघरात उद्याच्या वड्यांची डाळ निवडत होते. तेवढ्यात…

घर्र…

गाडीतून नाही. घरातून. मागच्या खोलीतून.

मी उठले. पहिल्यांदा बाळाकडे धावले. तिच्या नाकापुढे बोट धरलं. श्वास चालू होता. भव्या गाढ झोपली होती. मग मागच्या खोलीचं दार ढकललं.

जातं जागच्या जागी होतं. खुंट्याचं वीतभर थोटूक उभं. पण भोवती, जमिनीवर, गोल… पिवळी पूड सांडलेली. ताजी.

मी इतकी धावले होते, दार दोन्ही हातांनी ढकललं होतं, पण माझ्या बांगड्या वाजल्या नव्हत्या. ते तेव्हा लक्षात आलं.

मी बाहेर पळाले.

गाडी फाटकासमोर होती. यजमान चालकाच्या सीटवर बसले होते. काच खाली. डोळे उघडे. सगळे नंतर म्हणाले की चेहरा शांत होता. मला तो थोरल्या बहिणीचा ओरडा खाऊन बसलेल्या मुलासारखा दिसला.

काळी मूठ बाजूच्या सीटवर पडली होती.

गिअरच्या दांडीवर लाकडी मूठ होती. घट्ट बसवलेली. त्यांचा डावा हात तिच्यावर होता.

नंतर, माणसं जमल्यावर, मी तांदळाचा डबा उघडला. झाकण घट्ट होतं. सकाळी भात टाकताना मी हाताने वरचे तांदूळ सारखे केले होते. ते तसेच होते, माझ्या बोटांच्या रेघांसकट. खाली मूठ नव्हती.

त्यांनी ती शोधून काढली असेल, असं भव्या म्हणते. काढली असेल.

दहाव्याला बायकांनी माझ्या हिरव्या बांगड्या फोडल्या. गाडी विकली. विकायच्या आधी मीच मूठ काढली. सहज निघाली, चार-पाच आट्यांत. सुताराला बोलावून ती जात्याच्या थोटकावर पुन्हा बसवून घेतली. त्यांनी जे तिचं घेतलं ते तिला परत जावं, एवढंच मनात होतं.

सुतार गेल्यावर मी दार लावून घेतलं. जात्याशी बसले. मूठभर दाणे टाकले. हात फिरवला.

घर्र… घर्र…

हात थांबवला. दाणे टाकले. पुन्हा फिरवला.

तोच आवाज. गाडीच्या काचेला कान लावून ऐकलेला. जसाच्या तसा. बांगड्यांविना.

तेव्हापासून मला एक प्रश्न पडला आहे, आणि तो विचारायला घरात कोणी उरलं नाही. ते वर्षभर जे दळण मी ऐकलं ते अक्काचं होतं… की माझं? मी लेकीवर पहारा देत बसले. ते सांगत होतं दुसरंच काही, आणि मी मूठ डब्यात पुरून ठेवली.

पुढच्या महिन्यात भूमिकाचं लग्न आहे. तिने जातं बाहेर काढून घेतलंय. कोणाचं ऐकत नाही. म्हणते, "आज्जी, माझ्या हळदीला पहिला हात तुझा. बाकीच्या मागून."

मी अजून हो म्हटलेलं नाही.

काल दुपारी सहज खुंट्यावर हात ठेवला. जातं उन्हात नव्हतं, सावलीत होतं. खुंटा गरम होता.

कमलाक्का गेली १९९४ च्या आषाढात. माझे यजमान प्रतापराव गेले १९९५ च्या भाद्रपदात, सर्वपित्रीच्या आदल्या दुपारी. त्यांना अंघोळ घातली तेव्हा डावा तळवा किती घासला, पण हळद निघाली नाही. तशीच गेली त्यांच्याबरोबर.